मॉरिशसच्या सहलीचे कार्यक्रमपत्रक नव्याने आखावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीच्या सहलींची नोंदणी सुरू झाली आहे. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोडपासून पलीकडे वाशी-नेरुळपर्यंत सहल कंपन्यांच्या कार्यालयांत गर्दी दिसू लागली आहे. परदेशी सहलींत मॉरिशसचे नाव गेली कित्येक वर्षे वरच्या क्रमांकावर आहे आणि त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. मुंबईहून थेट विमान आहे, प्रवास सहा-साडेसहा तासांचा आहे, भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि शाकाहारी जेवणाची अडचण पडत नाही. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहल समितीचे काम मी पाहतो. त्या निमित्ताने अनेक कंपन्यांची कार्यक्रमपत्रके माझ्या हाताखालून जातात, आणि अशाच एका सहलीबरोबर मी हे बेट पाहूनही आलो आहे. सगळ्या पत्रकांचा साचा जवळजवळ एकच असतो. एक दिवस ‘उत्तर दर्शन’, एक दिवस ‘दक्षिण दर्शन’, एक दिवस इल ओ सेर या छोट्या बेटावर जलक्रीडा आणि उरलेला वेळ हॉटेलच्या किनाऱ्यावर. या साच्यात मॉरिशसचा समुद्र दिसतो, पण बेट दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी पर्यटकांनी आणि सहल आयोजकांनी हा साचा बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे बेट ज्वालामुखीने घडवलेले आहे आणि त्या ज्वालामुखीशी आपला संबंध आहे, ही गोष्ट सहलीत कोणीही सांगत नाही. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी तप्त खडकाचा प्रवाह सतत वर येत असतो. वरचे भूकवच त्यावरून सरकत जाते आणि वाटेत ज्वालामुखींची रांग मागे सोडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग अशाच एका प्रवाहावरून उत्तरेकडे सरकत असताना जो अफाट लाव्हारस बाहेर पडला, त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. येऊरचे डोंगर, पारसिकची टेकडी, मुंब्र्याचे कडे हे सगळे त्याच काळ्या बेसाल्टचे आहेत. पुढे त्याच उगमाने लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या खालची समुद्रातली डोंगररांग घडवली, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस पाण्याबाहेर काढले, आणि आज तोच उगम शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. मॉरिशसपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या त्या बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा जगातील सर्वांत जास्त वेळा उद्रेक होणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक आहे. मॉरिशसवर मात्र आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्या आपल्या मुलांना हे आधी सांगितले, तर उसाच्या शेतातला काळा दगड हातात घेऊन ती थबकतील. हा दगड त्यांच्या ओळखीचा आहे.

बेटाची ही घडण केवळ माहिती म्हणून सांगत नाही. सहलीचा आराखडा तिच्यावरच बसवावा लागतो. मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उत्तर-दक्षिण लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे नकाशा पाहून कोणालाही वाटते की एका दिवसात अर्धे बेट सहज फिरून होईल. पण बेटाच्या मध्यभागी पठार आहे आणि त्याच्या कडेने झिजून उरलेले डोंगर उभे आहेत. बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते समुद्रावरची वाफ घेऊन पठारावर चढतात आणि तिथे पाऊस पाडतात. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम आठ-नऊशे मिलिमीटर. म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर लख्ख ऊन असताना तासाभराच्या अंतरावरील क्युरपीप शहर ढगात असू शकते, आणि किनाऱ्याच्या कपड्यांत बसमध्ये चढलेली आजी-आजोबा मंडळी वर पोहोचताच कुडकुडू लागतात. पत्रकात ‘हवामान उष्ण व दमट’ एवढेच छापलेले असते. पठारावरच्या दिवसासाठी शाल किंवा स्वेटर आणि पावसाळी जॅकेट जवळ ठेवावे, ही एक ओळ त्यात टाकायला काय हरकत आहे?

वाऱ्याचा विचार तर कोणी करतच नाही. मे ते सप्टेंबर हा तिकडचा हिवाळा. त्या काळात हे वारे जोरात असतात आणि पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर ते सरळ आदळतात, तर पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्याने शांत राहतो. इल ओ सेर पूर्वेला आहे. मे-जूनमधल्या सहलीत तिथे स्पीडबोटीने नेताना होडी आपटत जाते आणि पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांचे हाल होतात. हे पाण्यावरचे खेळ ज्यांना हवेत त्यांनी जरूर करावेत, पण संपूर्ण गटाचा अख्खा दिवस त्यावर घालवू नये. आणखी एक बाब सूर्यास्ताची. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला विसाव्या अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात तिकडे दिवस लहान असतो आणि मे-जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आपली मंडळी नऊला सावकाश न्याहारी करून दहाला निघतात आणि दुपारच्या जेवणाला दीड तास देतात. मग शेवटचे ठिकाण अंधारात उरकले जाते. घड्याळ तिकडे आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सवयीने जाग लवकर येतेच, तिचा उपयोग करून घ्यावा आणि साडेसात वाजता बस हलवावी.

आता ‘दक्षिण दर्शना’कडे येतो, कारण खरी हेळसांड तिथे होते. एका दिवसात क्युरपीपचे ट्रू ओ सेर हे ज्वालामुखीचे विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचे विक्रीकेंद्र, गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती, धबधबा आणि परतताना आणखी एखादे दुकान, असा हा कार्यक्रम असतो. आमच्या गटाला ट्रू ओ सेरच्या विवरावर जेमतेम फोटो काढण्याएवढा वेळ मिळाला आणि विक्रीकेंद्रात मात्र मंडळी कंटाळून बाहेर कट्ट्यावर बसेपर्यंत बस उभी होती. त्या विवराच्या काठावरून गोल रस्ता जातो. आत उतारावर दाट झाडी आहे आणि तळाशी पाणी साचलेले दिसते. सकाळी आकाश मोकळे असेल तर तिथून त्र्वा मामेल, रांपार, ल पूस, पीटर बोथ असे डोंगर ओळीने दिसतात. मध्ये पठाराचा सपाट भाग आणि कडेने हे सुळके, हे चित्र समोर आले की एका प्रचंड प्राचीन ज्वालामुखीची कड झिजून हे डोंगर उरले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पीटर बोथच्या ८२० मीटर उंच सुळक्यावर एक भलामोठा धोंडा डोक्यासारखा बसलेला आहे, तो शोधायला मुलांना लावावे. स्थानिक लोक पहाटे त्या काठावर फेऱ्या मारायला येतात. त्यांच्याबरोबर एक पूर्ण फेरी मारली तरी अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि चढ फारसा नसल्याने ज्येष्ठांनाही ते जमते. दुपारनंतर ढग उतरले की तिथे काहीच दिसत नाही, म्हणून हे ठिकाण सकाळीच, पहिले ठेवावे.

गंगा तलाव हेही एक विवरच आहे. १९७२ साली गंगेचे पाणी या सरोवरात ओतून त्याला हे नाव मिळाले. काठावरची १०८ फूट उंचीची मंगल महादेवाची मूर्ती सर्वांना परिचित आहे. आपली मंडळी इथे दर्शन घेतात आणि वळतात, परंतु इथून अगदी जवळ पेत्रें येथे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाचे एक प्रवेशद्वार आहे, ते कोणाला दाखवलेच जात नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेले हे सुमारे साडेसहा हजार हेक्टरचे जंगल म्हणजे बेटावर उरलेल्या मूळ वनस्पतींचा सर्वांत मोठा आसरा आहे. डच, फ्रेंच आणि इंग्रज या तीन राजवटींत बेटावरचे बहुतेक जंगल तोडले गेले, आधी अबनूसाच्या लाकडासाठी आणि नंतर उसासाठी. डोडो तर सतराव्या शतकातच संपला. उरलेल्या पक्ष्यांपैकी मॉरिशसचा ससाणा १९७४ साली मुक्त निसर्गात केवळ चार उरला होता आणि अंडी उबवून, पिल्ले वाढवून त्याची जात वाचवली गेली. येऊरच्या जंगलातून वन्यजीव गणनेला जाणारे कितीतरी ठाणेकर माझ्या माहितीचे आहेत. अशांना शामारेलच्या वाटेवरील दरीच्या कडेला एक तास, दुर्बीण घेऊन, उभे राहायला मिळाले तर सहलीचे पैसे वसूल झाले असे ते म्हणतील. दरीवर शेपटीचे लांब पांढरे पीस मिरवणारे समुद्रपक्षी घिरट्या घालताना दिसतात.

शामारेलच्या सात रंगांच्या मातीबद्दलही तसेच. बेसाल्ट उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षे कुजत गेला, विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून नेली आणि लोखंड व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली, म्हणून तिथे तांबडा, तपकिरी, जांभळट असे पट्टे दिसतात. आपल्या माथेरान-महाबळेश्वरची लाल माती याच प्रक्रियेतून आली आहे. मार्गदर्शकाने हे दोन वाक्यांत सांगितले असते तर कठड्याला टेकून ‘एवढंच?’ असे म्हणणाऱ्या आमच्या गटातील मंडळींना त्यात काही सापडले असते.

चालू शकणाऱ्यांसाठी या बेटावर अत्यंत सुंदर पायवाटा आहेत. सर्वोच्च शिखर ८२८ मीटरचे आहे, म्हणजे आपल्या राजमाची-माहुलीत फिरणाऱ्यांना ते जड जाणार नाही. पण एकच चढाई करायची असेल तर ल मॉर्नची करावी. नैर्ऋत्य टोकावर समुद्राला लागून ५५६ मीटर उंचीचा हा बेसाल्टचा उभा कडा आहे. फ्रेंच आणि नंतर इंग्रज मळ्यांतून पळालेले आफ्रिकी व मादागास्करचे गुलाम या कड्यावरच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा आपल्याला पकडायला आले असे समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली कथा आहे. २००८ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. वाटेचा पहिला टप्पा रुंद आणि सोपा आहे, तिथल्या सपाटीवरून निळ्या-हिरव्या खाजणाचे दृश्य दिसते आणि बहुतेकांनी तिथेच थांबावे. पुढचा टप्पा खडकाला हात लावून चढण्याचा आहे. पाऊस झाला असेल तर तो टाळावा, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय करू नये. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांनी पायथ्याच्या गुलाममार्ग स्मारकापाशी बसावे. वेगवेगळ्या देशांतील शिल्पकारांनी घडवलेले दगड तिथे उभे आहेत आणि मागे तो कडा. गट दोन भागांत विभागून दोघांनाही न्याय देता येतो, फक्त आयोजकाने त्यासाठी दुसरी छोटी गाडी ठेवायला हवी.

राजधानी पोर्ट लुईमध्ये आपल्याला किल्ला आणि बंदरावरचा खरेदीचा परिसर दाखवतात. त्याच बंदरावर, चालत जाण्याच्या अंतरावर, आप्रवासी घाट आहे आणि अनेक सहलींत त्याचे नावही नसते. मला याचे मनापासून दुःख वाटते. गुलामगिरी संपणार हे ठरल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून भारतीय मजूर करारावर तिथे उतरले आणि त्यानंतर १९२० च्या सुमारापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून गेली. त्यातली बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश आणि मद्रास इलाख्यातली होती. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत रत्नागिरी परिसरातील व घाटावरची मराठी माणसे होती. घाटावर आज फार काही उरलेले नाही. दगडी भिंतींचे अवशेष, रुग्णालयाची खोली, स्वयंपाकाची जागा, आणि बोटीतून उतरलेला माणूस ज्यांवरून वर चढला त्या सोळा पायऱ्या. त्या झिजलेल्या, रुंद आणि फार उंच नसलेल्या पायऱ्यांचा दगड पुन्हा तोच काळा बेसाल्ट. पायऱ्यांपाशी उभे राहिले की समुद्र आता थोडा दूर गेलेला दिसतो, कारण मधल्या काळात भराव घालून रस्ता झाला. शेजारच्या संग्रहालयात जहाजावरची जागा, कराराचे कागद, मजुरांची छायाचित्रे मांडलेली आहेत. २००६ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली. दीड तास हवा, त्याहून कमी वेळ देऊ नये.

त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, आणि गाव व जिल्हा. मॉरिशसची माणसे आजही तिथे जाऊन आपल्या खापरपणजोबांची नोंद शोधतात. या संस्थेत स्थलांतरितांच्या जीवनावरचे लोकसंग्रहालयही आहे. मजुरांची भांडी, दागिने, शेतीची अवजारे तिथे पाहायला मिळतात. पोर्ट लुईपासून ही जागा फार लांब नाही. आप्रवासी घाट सकाळी, दुपारी बाजारात डाळपुरी खाऊन नंतर मोका, असा एक संपूर्ण दिवस ‘उत्तर दर्शना’च्या जागी ठेवता येईल. डाळपुरी हे तिथले रस्त्यावरचे सर्वांत लोकप्रिय खाणे आहे, पूर्ण शाकाहारी मिळते, आणि सोबत आचारी नेणाऱ्या सहलींनीही एक दुपार ती खाऊ द्यावी. ज्यांना बसचा कंटाळा आला असेल त्यांनी पोर्ट लुई ते क्युरपीप हा प्रवास मेट्रोने करावा. भारताच्या आर्थिक साहाय्याने आणि लार्सन अँड टुब्रोने बांधलेला हा मार्ग बंदराजवळून निघतो आणि गावे मागे टाकत पठारावर चढत जातो.

आता आपल्या माणसांविषयी. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा लहान पण ठसठशीत समाज आहे. तिथल्या शाळांत मराठी विषय शिकवला जातो, महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते, गावोगावी मराठी मंडळ्या आहेत आणि त्यांचा महासंघ आहे. कोकणातील जाखडी त्यांनी झाकडी म्हणून जिवंत ठेवली आहे. ढोलकी आणि झांजांच्या ठेक्यावर गोलात ती नाचली जाते. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, आणि बेटावरील पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा या गावी झाला असे सांगितले जाते. या हेन्रिएटाचे स्थान पाहा. वाकोआ शहराच्या वर, पठाराच्या कडेला हे गाव आहे आणि गावाच्या पुढेच जमीन एकदम तुटते. तिथून तामारें नदी लाव्हाच्या पायऱ्यांवरून एकामागून एक सात धबधब्यांनी खाली उतरते. त्या धबधब्यांकडे जाणाऱ्या पायवाटा याच गावातून सुटतात. म्हणजे ज्वालामुखीचा थर, त्यावरून पडणारे पाणी आणि शे-सव्वाशे वर्षांचा मराठी गणपती हे सगळे एकाच ठिकाणी, एका सकाळीत पाहता येते, आणि तरीही आपल्या एकाही पत्रकात हे गाव मला आढळलेले नाही. खाली पूर्ण उतरणे निसरडे आणि थकवणारे आहे. ते तरुणांनी वाटाड्या घेऊन करावे. वरच्या कडेवरून दरी दिसते, तेवढे ज्येष्ठांना पुरेसे आहे.

मात्र तिथल्या मराठी घरांकडे आणि देवळांकडे ‘पॉइंट’ म्हणून बस नेऊन उभी करू नये, अशी माझी विनंती आहे. आधी मंडळाला पत्र लिहावे, त्यांची सोय विचारावी, आणि पाहुण्यासारखे जावे. त्यांची मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाची आहे, अनेकांची घरची भाषा आता क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली आहे. त्यावर हसणे किंवा त्यांना ‘शुद्ध’ बोलून दाखवणे हे आपल्याकडून घडता कामा नये. पणजोबांनी आणलेली भजने ज्यांनी पाच-सहा पिढ्या म्हटली, त्यांच्याकडून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत भजनी मंडळे असतात. तासभर एकत्र भजन झाले तर त्या भेटीला अर्थ येईल. मराठी पुस्तके, दिवाळी अंक न्यावेत. तिथल्या शिक्षकांना त्यांचा उपयोग होतो.

कोणत्या महिन्यात जावे, याचाही विचार नीट व्हावा. नाताळ आणि जानेवारीच्या सहली सर्वांत महाग असतात आणि नेमका तोच चक्रीवादळांचा हंगाम आहे. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून नेल्या होत्या. तिथे वादळाच्या इशाऱ्यांचे चार दर्जे आहेत आणि तिसऱ्या दर्जाला सार्वजनिक वाहतूक व दुकाने बंद होतात. अशा वेळी सहलीचे काय होईल, पैसे परत मिळतील का, हे नोंदणीच्या वेळीच लेखी घ्यावे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो भाविक कावडी घेऊन गंगा तलावाकडे चालत जातात. ज्यांना हा सोहळा पाहायचा आहे त्यांनी मुद्दाम त्या वेळी जावे, पण मग पठारावरचा बाकीचा कार्यक्रम त्या दिवसांत ठेवू नये, कारण रस्ते माणसांनी भरलेले असतात. आपल्या गुढीपाडव्याला तिथे तेलुगू समाजाच्या उगादीची सार्वजनिक सुटी असते, हे ध्यानात घेऊन त्या दिवशी संग्रहालये ठेवू नयेत. मे महिना हवेच्या दृष्टीने उत्तम. ऑक्टोबर त्याहून चांगला, वारे मंदावलेले आणि पाऊस सर्वांत कमी, त्यामुळे लवकर येणाऱ्या दिवाळीच्या सुटीतली सहल डोंगर आणि समुद्र दोन्हींसाठी योग्य ठरते.

समुद्राविषयी थोडेच लिहितो, कारण त्याची जाहिरात पुरेशी होते. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आतले पाणी शांत व उथळ असते. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री येथे मात्र ही भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. ते दृश्य भव्य आहे, पण तिथे पाण्यात उतरायचे नाही, हे मार्गदर्शकाने बसमध्येच बजावावे. विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि हॉटेले बहुधा उत्तरेला किंवा पश्चिमेला असतात. त्यामुळे आग्नेयेकडची ठिकाणे येण्याच्या किंवा जाण्याच्या दिवशीच घ्यावीत. माएबूरजवळचे इल ओ एग्रेत हे सव्वीस हेक्टरचे बेट त्यासाठी अगदी योग्य आहे. स्थानिक वन्यजीव संस्थेने तिथली परकी झाडे काढून मूळ जंगल पुन्हा वाढवले आहे, गुलाबी कबुतरे तिथे मोकळी फिरतात, मोठी कासवे आहेत, आणि मार्गदर्शकाबरोबर छोट्या गटांनीच सोडले जाते.

आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. कार्यक्रमपत्रकात ठिकाणाच्या नावापुढे तिथे प्रत्यक्ष किती मिनिटे थांबणार ते छापावे, आणि दुकाने व विक्रीकेंद्रे असतील तर ती वेळेसह स्वतंत्र दाखवावीत. ग्राहकाला निवड करता आली पाहिजे. ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘आत प्रवेश’ यांतला फरक स्पष्ट असावा. पन्नास माणसांच्या गटासाठी ल मॉर्न किंवा तामारेंला वाटाड्या घेतला तर खर्च थोडा वाढेल हे मला मान्य आहे, पण आमच्या समितीतील सभासदांनी तो द्यायची तयारी दाखवली आहे. सहलीआधी ठाण्यात किंवा वाशीत जी एकत्र बैठक होते, तिच्यात सामानाचे वजन आणि परकीय चलन यांवरच सगळा वेळ जातो. त्यातला अर्धा तास बेटाच्या भूगोलाला आणि मजुरांच्या इतिहासाला द्यावा. आपल्या शहरांत भूगोलाचे निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत, ते आनंदाने येतील.

आपल्या वृत्तपत्राच्या पर्यटन पुरवणीने सहल कंपन्यांकडून असा वेळेसह आराखडा मागवून तो प्रसिद्ध करावा, ही आपल्याला विनंती. गणेशोत्सवात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम कळवतो. आपल्याकडे २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि मॉरिशसची सार्वजनिक सुटी २८ ऑगस्टला. बहुतेक विसर्जने त्या दुसऱ्या दिवशी, नदीवर किंवा किनाऱ्यावर, होतात. तेव्हा विमानाची तिकिटे काढताना चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचा हिशेब करावा आणि विसर्जनाचा दिवस पूर्ण मोकळा ठेवावा.

आपला नम्र,
एक वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)